बंद पडलेला क्लब फॉर्मवर लिहायचा का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावीत आहेस, अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायचा आहे, आणि अभ्यासाबाहेर जे जे केलंस ते सगळं 'फसलं'. आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा, दोनदा दिलीस, दोन्ही वेळा आरएमओ या पुढच्या फेरीपर्यंत पोचला नाहीस. दहावीच्या आधी शाळेत रोबोटिक्स क्लब काढलास, तो सात-आठ महिन्यांत बंद पडला. विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीत हरलास. मराठीतून गणित शिकवणारं यूट्यूब चॅनेल काढलंस, त्याचे ६१ सबस्क्रायबर, 'त्यातले निम्मे नातेवाईक'. हे सगळं लिहायचं की दडवायचं, असं विचारतोयस. (नातेवाइकांचं वाक्य वाचून मी मोठ्यांदा हसले. ज्याला स्वतःबद्दल असं लिहिता येतं, त्याच्या निबंधाची मला फारशी काळजी वाटत नाही.)

मी पुण्यात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवायचे. गेली चौदा वर्षं परदेशी जाणाऱ्या मुलांचे अर्ज बघते. तुझ्यासारखा प्रश्न दर जुलै-ऑगस्टमध्ये येतो, आणि त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. एक, जे काम यशस्वी झालं नाही ते यादीत धरायचं का. दुसरा, ते अपयश म्हणून सांगायचं का. पहिल्याचं माझं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा 'नको', आणि क्वचित 'हो, पण मग नीट लिही'.

आधी हा गोंधळ होतो कशामुळे ते सांगते, कारण दोष तुझा नाही. आपल्याकडे मुलाने काही केलं याचा पुरावा म्हणजे प्रमाणपत्र. खेळात जिल्हा, राज्य, राष्ट्रीय पातळी गाठली तर बोर्डाचे वाढीव गुण मिळतात, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे मिळतात. म्हणून प्रत्येक घरात प्लास्टिकच्या कप्प्यांची एक जाडजूड फाइल असते आणि आई ती घेऊनच माझ्याकडे येते. फाइलमध्ये जे नाही ते झालंच नाही, असा हिशेब. आपल्या व्यवस्थेपुरता तो बरोबरही आहे. सीईटी नि कॅप राउंडमध्ये तुझ्या बंद पडलेल्या क्लबला कोणी विचारणार नाही, चालू असता तरी विचारलं नसतं.

आता बऱ्याच अमेरिकी कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जाचा, म्हणजे कॉमन अ‍ॅपचा अ‍ॅक्टिव्हिटीचा भाग उघडून त्यात काय काय विचारलंय ते बघ. जास्तीत जास्त १० नोंदी. प्रत्येकीत कामाचा प्रकार, तुझं पद किंवा भूमिका (५० अक्षरं), संस्थेचं नाव (१०० अक्षरं), वर्णन (१५० अक्षरं), कोणकोणत्या इयत्तेत केलंस, वर्षात केव्हा (शाळा चालू असताना, सुटीत की वर्षभर), आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, आणि कॉलेजात हे पुढे करायची इच्छा आहे का. बस. 'निकाल' नावाचा रकाना नाही, प्रमाणपत्र जोडायला जागा नाही. बक्षिसांसाठी वेगळा भाग आहे, तिथे पाच ओळी मिळतात. म्हणजे फॉर्म बनवणाऱ्यांनीच 'वेळ कुठे घालवलास' आणि 'काय जिंकलास' हे दोन वेगळे प्रश्न ठेवलेत. आपली मुलं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नाखाली शोधतात, आणि सापडलं नाही की 'माझ्याकडे काहीच नाही' म्हणतात.

२०२२ साली पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी करंडक कोणालाच न देण्याचा निर्णय घेतला होता, त्यावर बराच वाद झाला. मी तेव्हा पालकांना विचारायचे: त्या वर्षी अंतिम फेरीत उतरलेल्या मुलांनी ज्या तालमी केल्या, रात्री उशिरापर्यंत जे नेपथ्य ठोकलं, ते झालंच नाही का?

हे मी आज शहाण्यासारखं सांगतेय, पण एका मुलाच्या बाबतीत मी नेमकी उलटी वागले होते. त्याचे काका सांगोल्याकडे डाळिंबाची बाग करायचे. या पोराने दोन सुट्ट्यांत जमिनीतला ओलावा मोजणारं यंत्र बनवलं: स्वस्तातली दोन टोकांची प्रोब, आर्डुइनो नावाचा एक छोटा कंट्रोलर बोर्ड आणि मोबाइलवर मेसेज. तीन आठवडे चाललं, मग आकडे वाटेल ते यायला लागले. प्रोबमधून सतत वीज वाहत राहिल्यामुळे ओल्या मातीत तिचा पत्रा गंजत होता. त्याने नवीन प्रोब लावली, तीही गेली. मग त्याने वीज फक्त मोजण्यापुरती सोडायला सुरुवात केली, तेव्हा प्रोब जरा जास्त टिकली. शेवटी काकांनी 'बाळा, मी हात घालून बघतो की माती' म्हणून ते प्रकरण मिटवलं. मी त्याला सांगितलं, चाललं नाही ना, मग सोड, त्या जागी ते दोन आठवड्यांचं 'नेतृत्व शिबिर' टाक. शिबिराला पैसे भरलेले होते आणि प्रमाणपत्र होतं. पुढे एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याने त्याची मुलाखत घेतली. मुलगा येऊन म्हणाला, "मॅडम, आम्ही पाऊण तास गंजलेल्या प्रोबवरच बोललो, आणि मी जे बोललो त्यातलं फॉर्मवर काहीच नाहीये." त्याला तिथे प्रवेश मिळाला नाही. तो प्रवेश माझ्यामुळे हुकला असं मी म्हणणार नाही, कारण आतलं गणित बाहेरून कोणालाच दिसत नाही. पण प्रवेश देणाऱ्याच्या टेबलावर जो मुलगा गेला तो शिबिरवाला होता, आणि माझ्यासमोर बसायचा तो वेगळाच होता, हे मला अजून टोचतं.

तेव्हापासून मी मुलांना एवढंच विचारते: तू त्याला खरंच वेळ दिलास का, आणि तू नसतास तर त्यातलं काय झालं नसतं? दुसऱ्या प्रश्नाला पटकन उत्तर आलं की ती नोंद यादीत जाते. मग पुढे क्लब बंद पडो की चॅनेल झोपो.

यात परिस्थितीचा भाग मोठा आहे, तोही सांगते. दहाच्या दहा जागा भरतील एवढं चालू, भरीव काम तुझ्याकडे असेल तर नववीतल्या दोन महिन्यांच्या उचापतीला जागा नाही. ते अपयशी होतं म्हणून नव्हे, लहान होतं म्हणून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसना अर्ज करणार असशील तर त्यांचा फॉर्म वेगळा आहे. तिथे २० नोंदी चालतात आणि वर्णनाला ३५० अक्षरं मिळतात, म्हणजे एखादी गोष्ट का थांबली हे एका वाक्यात सांगायला जागा असते. इंग्लंडला जायचं तर चित्रच बदलतं. तिथल्या विद्यापीठांच्या सामायिक अर्जाच्या, म्हणजे यूकासच्या, निवेदनात २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आणि मिळून ४००० अक्षरं आहेत, आणि सगळा रोख तू निवडलेल्या विषयावर असतो. इंजिनिअरिंगसाठी अर्ज असेल तर बंद पडलेला रोबोटिक्स क्लब तिथे कामाचा, निवडणूक बिनकामाची. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत जाणार असशील तर हे उत्तर वाचण्यात वेळ घालवू नकोस, तिकडे मार्क बघतात. आपल्याकडच्या अशोका, क्रिया, फ्लेम यांसारख्या खासगी विद्यापीठांत निबंध आणि मुलाखत असते, त्यामुळे तिथे बरंचसं अमेरिकेसारखंच धर.

आता तुझ्या चार गोष्टी.

'फसलं' या एका शब्दात तू दोन जातीच्या गोष्टी कोंबल्यास. क्लब आणि चॅनेल ही केलेली कामं आहेत, ती थांबली किंवा छोटी राहिली. आयओक्यूएम आणि निवडणूक या चाळण्या आहेत, त्यातून तू पलीकडे गेला नाहीस. चाळणीतून न जाणं ही अ‍ॅक्टिव्हिटी नव्हे. नाटकाच्या निवडीत नाव आलं नाही, संघात जागा मिळाली नाही, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत गेलो नि परत आलो, हे यादीत लिहायचं नसतं. त्यात लाज आहे म्हणून नव्हे, वाचणाऱ्याला त्यातून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही म्हणून.

पण चाळणीच्या मागे काम असू शकतं. आयओक्यूएम म्हणजे तीन तासांत ३० प्रश्न, आणि ती दोनदा देणारा मुलगा मधल्या वर्षात काहीतरी करत असतो. तू काय करत होतास? एकटाच क्लासच्या शीटा सोडवत होतास, तर तो अभ्यास झाला, सोडून दे. पण दोन-तीन मित्र दर रविवारी कोणाच्या तरी गच्चीवर बसून एकाच भूमितीच्या प्रश्नावर भांडत होतात, असं असेल तर ते गणितमंडळच झालं, नाव दिलेलं नसलं तरी. ते लिही. तास लिही, किती जण होता ते लिही, कोणत्या प्रकारचे प्रश्न घ्यायचात ते लिही. परीक्षेचं नाव वर्णनात एकदा आलं तर हरकत नाही. 'सहभाग' म्हणून ती बक्षिसांच्या पाच ओळींत मात्र घालू नकोस. तिथे सहभागाची प्रमाणपत्रं भरलेली दिसली की वाचणाऱ्याला वाटतं, याच्याकडे बाकी काही नाही.

निवडणूक सोड. हरल्यानंतरही जाहीरनाम्यातलं एखादं काम तू केलं असशील, पाण्याच्या टाकीसाठी प्राचार्यांच्या मागे लागला असशील, तर ते काम लिही. मतं किती पडली याच्याशी कोणाला देणंघेणं नाही.

रोबोटिक्स क्लब तुझ्या यादीत पहिल्या तिनांत जायला हवा, आणि तोच तू दडवायला निघालास! तो बंद का पडला हे तू लिहिलं नाहीस, पण मी पाहिलेले शाळांतले क्लब साधारण तीनच कारणांनी मरतात: दहावी येते, कळकळीने बघणाऱ्या शिक्षिका बदलून जातात, किंवा किटचे पैसे कोणी द्यायचे यावर गाडी अडते. तुझं कारण काहीही असो, इयत्तेच्या रकान्यात एकाच वर्षावर खूण दिसली की वाचणाऱ्याला कळतंच की ते पुढे चाललं नाही. वेगळा गळा काढायची गरज नाही. १५० अक्षरं म्हणजे इंग्रजीत वीस-पंचवीस शब्द, त्यात मजकूर असा यावा: दर शनिवारी किती मुलं, त्यांना काय शिकवलंस, काय बनवलंत, सामान कुठून आणलंत. 'जुन्या खेळण्यांच्या मोटरी काढून रेषेवर चालणाऱ्या दोन गाड्या बनवल्या' हे एक वाक्य 'नाविन्य आणि नेतृत्व यांची जोपासना केली' अशा दहा वाक्यांना भारी आहे. कारण नेमकं आणि छोटं असेल तर शेवटी जोड: 'शिक्षिका बदलल्यावर थांबला.' भूमिकेच्या रकान्यात 'सुरू करणारा' लिही, ते खरं आहे. पाच पोरांच्या क्लबचा 'संस्थापक, अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी' होऊ नकोस. दर मोसमात असे दोन-तीन सीईओ मला भेटतात, आणि सगळ्यांना मिसरूड नुकतीच फुटलेली असते.

चॅनेल लिही. किती व्हिडिओ केलेस, कुठल्या इयत्तेचं गणित, मराठीतून का, रेकॉर्डिंग कसं करायचास. सबस्क्रायबर लिहिलेच पाहिजेत असं नाही. लिहायचे तर ६१ लिही, 'वाढता प्रेक्षकवर्ग' लिहू नकोस. मराठी माध्यमातल्या एखाद्या अनोळखी मुलाने खाली शंका विचारली असेल आणि तू उत्तर दिलं असशील, तर ती एक कॉमेंट त्या ६१ पेक्षा मोठी आहे.

आणखी एक. तू लिहिलं नाहीस, पण बरेच जण विसरतात म्हणून सांगते. प्रकारांच्या त्या यादीत कुटुंबातल्या जबाबदाऱ्या आणि पगारी काम हेही पर्याय आहेत. आजीचं आजारपण काढलंस, संध्याकाळी दुकानावर बसलास, आणि त्यामुळे क्लबला वेळ देता आला नाही, असं असेल तर तीच एक नोंद होते, आणि क्लब का थांबला याचं उत्तरही तिच्यातच असतं. मोठं आजारपण, बदली, घरची आर्थिक ओढाताण यांसारखं काही असेल तर शेवटी जास्तीच्या माहितीची चौकट असते. पूर्वी तिथे ६५० शब्द मिळायचे, २०२५-२६ पासून ३०० झालेत. तिथे तक्रारीचा सूर नको. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काय झालं, आणि त्यामुळे काय थांबलं, एवढंच.

आता अपयश अपयश म्हणून सांगण्याचा प्रश्न. त्याची जागा यादीत नाही, निबंधात आहे. कॉमन अ‍ॅपचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, विषय सात, त्यातला एक सरळ अडचण, पिछेहाट किंवा अपयश यावरच आहे. तो दिसला की आपल्या मुलांचे डोळे चमकतात, आणि मला धडकी भरते. कारण पुढे काय येणार ते पाठ झालंय. चारशे शब्द दुःख, दीडशे शब्द 'मी जिद्द सोडली नाही', आणि उरलेल्यात ट्रॉफी. मी त्यावर एक साधी परीक्षा घेते. शेवटचा परिच्छेद कापून दुसऱ्या मुलाच्या निबंधाला चिकटवते. चपखल बसला तर निबंध परत.

एका मुलीचा बसला नव्हता. तिने सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मुलांसाठी वाचनालय काढलं होतं. आठ महिन्यांनी कमिटीने हॉल परत मागितला आणि ते बंद झालं. पहिल्या मसुद्यात कमिटी खलनायक होती. मी विचारलं, शेवटच्या महिन्यात किती मुलं यायची? तिने देवघेवीची वही काढली. तिसऱ्या महिन्यानंतर तीच चार नावं पुन्हा पुन्हा होती. वॉचमनची आणि घरकामाला येणाऱ्या बायकांची मुलं सुरुवातीला आली, एकेक पुस्तक घेऊन गेली, परत फिरकली नाहीत. पुस्तकं सगळी इंग्रजी होती, तिच्या स्वतःच्या आवडीची. म्हणजे हॉल जायच्या पाच महिने आधीच वाचनालय संपलं होतं आणि तिला ते कळलं नव्हतं. तिने निबंध त्या वहीवर लिहिला, कमिटीला एका वाक्यात गुंडाळलं. वाचनालय तिने पुन्हा सुरू केलं नाही. शनिवारी महापालिकेच्या शाळेत जाऊन मराठी गोष्टी मोठ्याने वाचायला लागली, एवढंच. निबंधात ट्रॉफी नव्हती आणि तिची उणीवही भासली नाही.

तुझ्याकडे असं काही आहे का, हे मला इथून सांगता येणार नाही. क्लब का थांबला याबद्दल आज तुला असं काही माहीत आहे का, जे तेव्हा माहीत नव्हतं? आणि त्यानंतर तू एखादी गोष्ट वेगळी केलीस का? दोन्हीला उत्तर असेल तर निबंध होईल. नसेल तर क्लब यादीतच छान आहे, निबंध दुसऱ्या कशावर लिही. नातेवाइकांनी भरलेल्या चॅनेलवर लिहिलास तरी मला आवडेल. कशावरही लिही, पण शाळेला, बाईंना किंवा अर्ध्यावर सोडून गेलेल्या मित्राला दोष देऊ नकोस. दोष खरा असला तरी वाचणारा तुझ्याकडेच बघत राहतो.

खोटं घालण्याबद्दल तू विचारलं नाहीस, तरी हा मोह याच वळणावर होतो म्हणून बोलते. बंद पडलेला क्लब 'अजून चालू' दाखवायचा, सात महिन्यांची दोन वर्षं करायची. अर्ज पाठवताना सगळी माहिती खरी असल्याचं तू लिहून देतोस, आणि खोटं निघालं तर दिलेला प्रवेशही परत घेतला जाऊ शकतो. शिवाय शाळेकडून शिफारसपत्र जातं. तुझा क्लब बघणाऱ्या बाईंनीच ते लिहिलं आणि त्यात 'दुर्दैवाने क्लब चालू राहू शकला नाही' आलं, तर? उलट त्या बाई कुठे आहेत ते शोध. बदलून गेल्या असल्या तरी फोन कर. अपयशाची गोष्ट आपल्या तोंडून रडगाण्यासारखी वाटते, तीच शिक्षकांनी सांगितली तर साक्ष होते. तू आता क्लासशी जोडलेल्या, इंटिग्रेटेडवाल्या कॉलेजात असशील, जिथे हजेरीपुरतं नाव आहे आणि कोणी तुला ओळखत नाही, तर या जुन्या बाईंची तुला फारच गरज आहे.

फॉर्म १ ऑगस्टला उघडतो, लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते, आणि मध्ये तुझी सहामाही येईल. म्हणून आजच एक काम कर. क्लबचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून डिलीट केला नसशील तर अगदी पहिल्या मेसेजपर्यंत वर जा आणि खरोखर किती शनिवार भेटलात ते मोज. तासांच्या आणि आठवड्यांच्या रकान्यात तोच आकडा टाकायचा आहे, अंदाजाने नाही. मोजताना त्या गाड्यांचा एखादा फोटो सापडला तर तो बाजूला काढून ठेव. फॉर्मला लागत नाही, पण वर्णन लिहायला बसशील तेव्हा समोर असू दे.